उंचीची शिल्लक

चैत्र-वैशाखातल्या दुपारी दौंडच्या रेल्वे स्टेशनाबाहेर उभे राहून कोणी वर पाहिले, तर तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत घारी गोल गोल घिरट्या घालताना दिसतील. पंखांची हालचाल जवळजवळ नाही; तरीही त्या वर वर चढत जातात, आणि पुरेशी उंची मिळाली की एका दिशेला सरळ उतरत निघून जातात. पाळी सुटण्याची वाट पाहत, सभेला माणसे जमण्याची वाट पाहत, आम्ही हे दृश्य अनेक वर्षे पाहत आलो आहोत. घारीला ही विद्या उपजतच असते. माणसाने ती कमावली आहे, आणि कमावलेल्या विद्येला हिशेब लागतो. तो हिशेब कसा करतात, आणि तो चुकला तर काय होते, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा. आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते आहोत, वैमानिक नव्हे. शाळा लवकर सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि जाणत्या माणसांच्या मागे लागून शिकलो. हडपसरच्या ग्लायडिंगच्या मैदानाच्या कुंपणाशी आम्ही प्रथम निव्वळ कुतूहलाने थांबलो; पुढे तेथे उडालेल्या एका वृद्ध प्रशिक्षकांशी ओळख झाली आणि त्यांनी आमच्या शंकांचे निरसन केले. म्हणून जाणकारांनी आमची भाषा गोड मानून घ्यावी. हिशेब मात्र कसून तपासावा.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. हडपसरला त्याला विंचने, म्हणजे मोटारीने फिरणाऱ्या रहाटावर लांब दोर गुंडाळून, पतंगासारखे वर ओढतात. तीन-चारशे मीटर उंचीवर दोर सुटतो आणि तेथून पुढे वैमानिकाचा आणि हवेचा व्यवहार सुरू होतो. पुण्यात हे सरकारी केंद्र पन्नाशीच्या दशकापासून नावारूपाला आले. त्या काळी आपल्या देशात नागरी विमान खात्याच्या तंत्रज्ञांनी स्वतः ग्लायडरे घडविली आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली. १९५८ साली ‘अश्विनी’ उडाले. १९६१ साली ‘रोहिणी’ उडाले, त्यात दोन माणसे शेजारी शेजारी बसत. गुरू आणि शिष्य खांद्याला खांदा लावून बसत असल्यामुळे शिकवणे सोपे जाई.

इंजिन नाही, मग ते वर कसे राहते? खरे सांगायचे तर ते वर राहतच नाही. भोवतालच्या हवेच्या मानाने ग्लायडर सदैव खाली उतरत असते. परंतु ती हवाच जर उतरण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने वर चढत असेल, तर ग्लायडर तिच्याबरोबर वर जाते. सरकत्या जिन्यावरून कोणी सावकाश खाली उतरू लागला आणि जिना मात्र जोराने वर चालला, तर तो माणूस जसा वरच्या मजल्यावर पोहोचेल, तसाच हा प्रकार आहे. अशा चढत्या हवेच्या झोताला वैमानिक थर्मल म्हणतात. एका थर्मलमध्ये घिरट्या घालून उंची कमवायची, ती खर्च करीत पुढचा थर्मल गाठायचा, पुन्हा कमवायची. असे करीत शेकडो किलोमीटर प्रवास होतो.

हा प्रवास कोठे तरी संपतो. शेवटच्या थर्मलमधून बाहेर पडून, आता पुन्हा वर चढायचे नाही, हाती असलेल्या उंचीवरच घरचे मैदान गाठायचे, असा निश्चय वैमानिक ज्या क्षणी करतो, तेथून जी उतरण सुरू होते तिला फायनल ग्लाइड म्हणतात. आपण तिला परतीची उतरण म्हणू. सगळ्या उड्डाणात धोक्याचा भाग कोणता, तर पुष्कळदा हाच. कारण दिवसभराचा थकवा आलेला असतो, घर दिसू लागलेले असते, आणि घर दिसू लागले की माणसाचे गणित हळवे होते.

आता आपण कागदावर एक त्रिकोण उडवू. कागदावरच, कारण हडपसरच्या उत्तरेला लागून लोहगावचा हवाई तळ आहे आणि तेथील परवानगीवाचून त्या आकाशात कोणाला फिरता येत नाही. हडपसरहून ईशान्येला घोडनदीकाठचे शिरूर सरळ रेषेत सुमारे ५८ किलोमीटर. शिरूरहून आग्नेयेस, भीमेच्या काठचे दौंड सुमारे ४६ किलोमीटर. आणि दौंडहून पश्चिमेस हडपसर सुमारे ६७ किलोमीटर. सगळा फेरा १७० किलोमीटरांच्या आसपास.

पहिल्या दोन बाजू सुखाच्या. शिरूरकडची जिरायत माळराने उन्हाळ्यात तव्यासारखी तापतात आणि त्यांवरून हवा जोराने उठते. वाराही बहुधा पाठीशी असतो. परंतु दौंडला वळून पश्चिमेकडे तोंड केले की चार गोष्टी एकदम उलट्या होतात. पहिली, उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणजे तो आता तोंडावर येतो. दुसरी, खाली मुठेच्या उजव्या कालव्याचा भिजवलेला मुलूख आहे, उसाचे फड आहेत. ओली जमीन तापत नाही आणि त्यामुळे थर्मल दुबळे मिळतात. तिसरी, दिवस कलू लागला की घाट ओलांडून समुद्राकडची गार हवा पुण्याच्या अंगाला येते आणि उरलेसुरले थर्मल मरतात. चौथी गोष्ट लोकांच्या ध्यानी चटकन येत नाही. भीमा पुण्याकडून दौंडकडे वाहते, याचा अर्थच असा की दौंड खाली आहे आणि हडपसर वर आहे. जमिनीच्या उंचीतील हा फरक चाळीस-पन्नास मीटरांचा तरी आहे. दौंडच्या जमिनीपासून उंची मोजून जो निघेल, त्याच्या वहीत तेवढी तूट आरंभापासूनच पडलेली असेल. म्हणून उंचीमापक यंत्र घरच्या मैदानावर शून्य दाखवील असे लावून ठेवतात, किंवा समुद्रसपाटीवर लावले असेल तर घरच्या मैदानाची उंची हिशेबात मिळवतात.

आता उतरणीचा मुख्य आकडा. प्रत्येक ग्लायडरचे एक प्रमाण असते: एक मीटर उंची खर्चून ते किती मीटर पुढे जाते. याला ग्लाइड रेशो म्हणतात. आपण ३० चे ग्लायडर धरू, आणि ते ताशी ९० किलोमीटर वेगाने या प्रमाणाने उतरते असे समजू. यवतचे स्टेशन हडपसरपासून सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर आहे. ३५,००० ला ३० ने भागले की ११६७ येतात. म्हणजे यवतवर १,१६७ मीटर उंची असली की घर गाठले! पुस्तकी हिशेब येथे संपतो. अपघात येथूनच सुरू होतो.

कारण पुस्तकातला आकडा नव्या कोऱ्या ग्लायडरचा, निवांत हवेतला आणि अचूक हाताचा आहे. आपल्या तोंडावर ताशी २० किलोमीटरांचा वारा आहे. ग्लायडर हवेतून ९० ने चालले तरी जमिनीवरून ७० नेच सरकते. उतरणे मात्र तितकेच. म्हणून ३० चे प्रमाण जमिनीच्या मानाने २३ वर येते. शिवाय वर चढणाऱ्या हवेच्या शेजारी खाली बसणारी हवा असतेच. निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने काढून घेत असतो. पंखांवर किडे चिकटलेले असतात, धूळ असते, वैमानिकाचा हात दमलेला असतो. या सगळ्यासाठी शहाणे लोक पुस्तकी प्रमाणाचे दोनतृतीयांशच धरतात. २३ चे दोनतृतीयांश सुमारे १५. याखेरीज, मैदानावर पोहोचल्यावर वाऱ्याची दिशा पाहून, वळसा घालून नीट उतरण्यासाठी ३०० मीटर हातात हवेत. मग हिशेब असा होतो: यवतवर ३५,००० भागिले १५, अधिक ३००, म्हणजे २,६३३ मीटर, उरुळी कांचनवर, तेथून घर सुमारे २० किलोमीटर, १,६३३ मीटर, लोणीवर, तेथून सुमारे ८ किलोमीटर, ८३३ मीटर. हे सगळे आकडे घरच्या मैदानापासून वर मोजलेले. पुस्तकाने यवतला ११६७ सांगितले होते. आम्ही त्याच्या दुपटीहून अधिक मागतो आहोत.

येथे कोणीही व्यवहारी माणूस विचारील, ही उधळपट्टी नव्हे काय? दुप्पट उंची कमवायला वेळ लागतो, शर्यतीत तर मिनिटा-मिनिटाचा हिशेब असतो. या प्रश्नाने आम्हांला चांगलेच हटकले, कारण हाच प्रश्न आम्ही दुसऱ्या ठिकाणी ऐकला होता.

शिरूर तालुक्यातील एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, क्रेनवर ठरलेल्या वजनाहून अधिक माल उचलण्याची सवय पडली होती. आम्ही हरकत घेतली तेव्हा एक अधिकारी म्हणाले, “अहो, तारेच्या दोराची ताकद पाचपट ठेवलेली असते. अर्धा टन जास्त झाला म्हणून काय बिघडते?” त्यांचे गणित वरवर बरोबर होते. परंतु ती पाचपट ताकद जास्तीच्या मालासाठी ठेवलेलीच नव्हती. ती दोराच्या तुटलेल्या धाग्यांसाठी होती, गंजासाठी होती, तिरप्या ओढीसाठी होती, माल एकदम झटक्याने उचलला गेला तर त्या झटक्यासाठी होती. एके दिवशी हे सगळे एकत्र आले. दोर तुटला आणि आमच्या एका सोबत्याचा पाय गेला. चौकशीत कोणा एकाची चूक म्हणावी असे काही निघाले नाही. प्रत्येकाने थोडी थोडी शिल्लक खाल्ली होती, आणि प्रत्येकाला वाटत होते की बाकीची शाबूत आहे.

तेव्हापासून आम्ही राखीव साठ्याला ‘जास्तीचे’ म्हणणे सोडून दिले. तो साठा कोणाचा तरी असतो. जे अजून आपल्याला दिसलेले नाही, त्याचा तो असतो.

ग्लायडरच्या बाबतीत तर तो वायाही जात नाही. पॉल मॅक्रेडी या अमेरिकन वैमानिकाने, जो १९५६ साली फ्रान्समध्ये जगज्जेता ठरला, कोणत्या हवेत किती वेगाने उडावे याचे गणित बसवले आणि चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्राभोवती फिरणारी एक साधी कडी तयार केली. ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याचे सार असे की उंची ही नाण्यासारखी मोडता येते. उरुळीला पोहोचल्यावर १,६३३ ऐवजी १,९०० मीटर शिल्लक निघाली, तर नाक थोडे खाली करून वेग वाढवावा. जास्तीची उंची वेगात मोडून घर लवकर गाठता येते. समोरचा वारा जोराचा असेल किंवा हवा खाली बसत असेल, तर तेथेही वेग वाढवणेच हिताचे, कारण वाईट हवेत जितका कमी वेळ काढावा तितके बरे. वाऱ्याच्या वेगाच्या निम्म्याइतका वेग वाढवावा, असा ढोबळ नियम सांगतात. तात्पर्य, शिल्लक शेवटी खर्च होते. फक्त ती आधी खर्चायची नाही, एवढेच.

म्हणून परतीची उतरण हा एकदा करून सोडून द्यावयाचा हिशेब नव्हे. यवत, उरुळी, लोणी ही तीन नाकी समजावीत. प्रत्येक नाक्यावर उंची पाहावी आणि ठरलेल्या आकड्याशी ताडून घ्यावी. एका नाक्यावर थोडी तूट आली तर ती नोंदवावी. दुसऱ्या नाक्यावर तूट वाढली तर हवा आपल्या अंदाजापेक्षा वाईट आहे हे कबूल करावे. हल्ली उपग्रहांच्या साहाय्याने चालणारी यंत्रे हा आकडा क्षणोक्षणी दाखवतात, आणि ती फार उपयोगी आहेत. पण लोणीच्या पुढे हवा खाली बसते आहे की वर उठते आहे, हे यंत्राला तेथे पोहोचल्यावाचून कळत नाही. आम्हीही आमच्या प्रशिक्षकांना एकदा विचारले होते, “सर, उंची पुरेल की नाही हे नक्की कधी कळते?” ते म्हणाले, “कळते शेवटीच. म्हणून तर हा प्रश्न यवतला विचारायचा असतो. हडपसरला विचारून काय उपयोग?”

तूट वाढली तर काय करावे? पुन्हा थर्मल शोधावा. तो न मिळाल्यास शेतात उतरावे. ग्लायडरवाल्यांमध्ये शेतात उतरणे ही नामुष्की नाही, तो नेमाचा भाग आहे. मित्र गाडी घेऊन येतात, पंख सोडवून ग्लायडर गाडीवर चढवून नेतात. त्याचीही एक शिस्त आहे. जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर असताना मुलूख निवडावा, ४५० वर असताना एक शेत नक्की करावे, आणि ३०० वर त्या शेतात उतरण्याची फेरी सुरू करावी. मग मन बदलायचे नाही.

शेत कोणते? वरून उसाचा फड हिरव्या गालिच्यासारखा दिसतो, पण तो पुरुषभर उंचीहून अधिक असतो आणि ग्लायडरला गिळून टाकतो. ताज्या नांगरटीतली ढेकळे चाक अडकवतात. रब्बीची ज्वारी काढून झालेले, धसकटे कमी असलेले, लांब आणि वाऱ्याच्या दिशेने पसरलेले शेत बरे. बांध, विहीर आणि जनावरे पाहावीत. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. खांब दिसतात, म्हणून खांब शोधावेत. आणि येथे आपल्या त्रिकोणातला सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. यवतच्या आसपास शेते आहेत, उरुळीलाही आहेत. लोणीपासून पुढे मात्र घरे, गोदामे, रस्ते आणि तारा दाट होत जातात, आणि हडपसरच्या मैदानाभोवती तर आता उंच इमारतींचे शहर उभे राहिले आहे. तेव्हा लोणीचे नाके हे नुसते उंचीचे नाके नाही. माघार घेण्याची ती शेवटची जागा आहे. तेथे हिशेब जुळत नसेल तर घर समोर दिसत असतानाही वळले पाहिजे.

हे न वळणारे काय करतात? ते नाक वर ओढतात. जमीन जवळ येते आहे, मैदान लांब आहे, तेव्हा नाक वर केले की ग्लायडर लांब जाईल असे माणसाला आतून वाटते. घडते ते उलट. वेग कमी होतो, ग्लाइड रेशो बिघडतो, ते आणखी लवकर उतरू लागते; आणि आणखी ओढले तर पंखांवरचा हवेचा आधारच सुटतो. याला स्टॉल म्हणतात. वळणात असताना असे झाले तर ग्लायडर एका पंखावर भोवऱ्यासारखे फिरत कोसळते, आणि तेवढ्या उंचीत ते सावरता येत नाही. ज्याने दोन हजारांहून अधिक वेळा टेकडीवरून हवेत झेप घेऊन माणसाला तरंगण्याची विद्या दाखवली, त्या जर्मन ओटो लिलिएंथालचा अंत ऑगस्ट १८९६ मध्ये हवेत वेग हरवल्यामुळेच झाला. उतरण ताणता येत नाही, हा या सगळ्या शास्त्राचा गाभा आहे.

आणि वेळीच वळण्याने काय साधते याचाही दाखला आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान बारा किलोमीटरांहून अधिक उंचीवर असताना त्याचे इंधन संपले. पौंड आणि किलोग्रॅम यांच्या घोटाळ्यात लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी भरले गेले होते. ६९ माणसे आणि दोन्ही इंजिने बंद! प्रथम त्यांनी विनिपेगचा रोख धरला. परंतु सहवैमानिक दर टप्प्याला किती उंची गेली आणि किती अंतर सरले याचा हिशेब करीत होता, आणि विनिपेग गाठणे शक्य नाही हे त्याच्या ध्यानी आले. त्यांनी गिम्ली येथील सोडून दिलेल्या लष्करी धावपट्टीकडे विमान वळवले. कप्तान स्वतः ग्लायडर उडवणारा होता. उंची अधिक झाली तेव्हा ग्लायडरवाल्यांच्या रीतीने विमान आडवे सरकवत त्याने ते उतरवले. एकही माणूस दगावला नाही. कप्तानाच्या हाताचे कौतुक सर्वत्र झाले, आणि ते योग्यच होते. आम्हांला मात्र त्या शेजारच्या आसनावरील माणसाच्या भागाकाराचे मोल तितकेच वाटते. विनिपेग हे मोठे गाव, तेथे सगळी व्यवस्था. तरी ‘तेथे पुरणार नाही’ असे तो वेळेत म्हणाला.

आमच्या क्षेत्रातही आम्ही हे पाहिले आहे. संप सुरू करताना किती आठवड्यांचे धान्य घरात आहे याचा हिशेब सगळेच करतात. बोलणी लांबली, कोणाचे मूल आजारी पडले, पावसाने वाट अडवली, याचा हिशेब थोडे करतात. समेट करावा तो हातात काही शिल्लक असताना. शिल्लक संपल्यावर जे होते त्याला समेट म्हणत नाहीत. तरुण कार्यकर्ते कधी आम्हांला भित्रे म्हणतात. आम्ही त्यांना हडपसरच्या कुंपणाशी घेऊन जातो आणि यवत, उरुळी, लोणी यांचे आकडे कागदावर मांडायला लावतो. गणित त्यांचे त्यांनीच केले की मग वाद राहत नाही.

पुढच्या वेळी दौंडहून पुण्याला येताना, गाडी यवतला थांबली तर खिडकीतून वर पाहावे. एखादी घार उंची कमवत असेल. ती निघेल तेव्हा तिच्यापाशी किती शिल्लक आहे, आणि आपल्यापाशी किती, हा विचार हडपसर येण्यापूर्वी करून घ्यावा.